दोन अँटेनांचा खरा फायदा कसा मोजायचा

आमच्या प्रोजेक्टच्या वेळी एकच सिग्नल दोन अँटेनांनी पकडून जोडला, त्याच्या दर्जाचा ग्राफ काढला तर तो एका अँटेनाच्या ग्राफवर तंतोतंत जाऊन बसला, फरक शून्य, दोन दिवस कोड चाळत बसलो. चूक फालतू होती. फेज (लहरींचे चढ-उतार) न जुळवताच दोन्ही सिग्नलची बेरीज मारली होती, मग ते कधी एकमेकांना साथ देणार कधी मारणार, आणि नॉइज (नको असलेली खरखर) मात्र दोन्हीकडचा जमा.

तर ऑक्टेव्ह किंवा पायथन उघडा. रेले फेडिंगसाठी (इकडून-तिकडून आपटून आलेल्या लहरींमुळे सिग्नल कमी-जास्त होतो त्याचं मॉडेल) दोन गॉशियन रँडम नंबर घ्या, एक रिअल एक इमॅजिनरी, आणि वर्गमूळ 2 ने भागा (विसरलात तर फुकटचे 3 डीबी, म्हणजे दुप्पट पॉवर, मिळतात आणि गाईड उगाच खूश होतात). असे 10 लाख सँपल, प्रत्येक अँटेनाचे वेगळे. मॅग्निट्यूडचा वर्ग गुणिले सरासरी एसएनआर (सिग्नल नॉइजच्या किती पट), झाला त्या क्षणाचा एसएनआर.

आता जोडायचं, तीन पद्धतींनी. सिलेक्शनमध्ये दोघांतला मोठा उचला, बस. इक्वल गेनमध्ये (फेज जुळवून दोघांना सारखं वजन) मॅग्निट्यूडची बेरीज, तिचा वर्ग, भागिले 2, मग सरासरी एसएनआरने गुणा. मॅक्सिमल रेशोत (जोरदार सिग्नलला जास्त वजन) दोन्ही एसएनआरची सरळ बेरीज, पण लिनिअरमध्ये, म्हणजे साध्या पटीत हां, डीबीत बेरीज करणारे महाभाग भेटतातच.

सरासरीतला फायदा येतो सिलेक्शनला 1.76 डीबी, इक्वल गेनला 2.5, मॅक्सिमल रेशोला 3. एवढ्यासाठी दुसरा अँटेना कशाला, असं वाटेल. म्हणून एका अँटेनाच्या सरासरीच्या 10 डीबी खाली (दहाव्या भागावर) रेघ मारा आणि किती सँपल तिच्याखाली जातात ते मोजा. एकट्या अँटेनाचे शंभरात साडेनऊ, सिलेक्शनचे हजारात 9, मॅक्सिमल रेशोचे हजारात 5 च्या आत.

हे सगळं दोन्ही अँटेनांचं फेडिंग स्वतंत्र असेल तरच. 2.4 गिगाहर्ट्झला वेव्हलेंथ 12.5 सेंमी, त्यामुळे आजूबाजूला भिंती-कपाटं असतील तर साधारण 6 सेंमी अंतर ठेवतात. अगदी चिकटवून लावले तर काय होतं ते बघायला दुसऱ्या अँटेनालाही पहिल्याचेच सँपल द्या, नॉइज फक्त वेगळा. मॅक्सिमल रेशोची सरासरी तेच 3 डीबी दाखवत राहते, पण रेघेखालचे सँपल शंभरात जवळपास 5, म्हणजे स्वतंत्र फेडिंगच्या दहापट.