अमॅरिलिस फुलायच्या आधी काय काय आणून ठेवायचं, आणि फुलं गेल्यावरचं खत

फेब्रुवारी संपत आला, कंदाच्या मानेतनं कळीचं चपटं टोक वर आलं असेल तर आता तयारीला लागा. सगळ्यात आधी खत आणा. आत्ताचं नाही, फुलं गेल्यावर द्यायचं. गेल्या वर्षी मी नेमकं हेच विसरले. मावशीनं दिलेला कंद चांगला मोठ्या कांद्याएवढा होता, दोन दांड्यांवर आठ लाल फुलं आली, अख्ख्या गल्लीला बोलावून दाखवली, आणि फुलं गळल्यावर कुंडी गच्चीच्या कोपऱ्यात सरकवून नुसतं पाणी घालत राहिले. दिवाळीनंतर उकरून बघितला तर वरची सालं सैल, बोटानं दाबली की आत जायची आणि आतला कंद लिंबाएवढा. यंदा त्याला फक्त पानं आलीत. लई वाईट वाटलं.

म्हणून कृषी सेवा केंद्रातनं 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही सारखं) आणि 00:00:50 (नुसतं पालाश) अशा पाण्यात विरघळणाऱ्या खताच्या दोन पुड्या आजच घेऊन या. कोणी युरिया टाक म्हटलं तर ऐकू नका, पानं माजतात आणि कंद पोसत नाही.

कुंडी कंदापेक्षा थोडीशीच मोठी घ्या, खाली भोक हवंच, कंदाचा वरचा तिसरा भाग मातीच्या बाहेर. बांबूची काडी आणि सुतळी जवळ ठेवा, दांडा आतनं पोकळ असतो, चार फुलांच्या वजनानं वाकतो. फूल उमललं की कुंडी सावलीत आणा, एप्रिलचं दुपारचं ऊन लागलं तर पाकळ्या दोन दिवसांत मलूल होतात. कंदाच्या मानेत पाणी ओतू नका, कडेनं घाला. चीक हाताला लागला तर हात धुवा, कंद विषारी आहे, घरात कुत्रं किंवा लहान पोर असेल तर लांब ठेवा.

फूल सुकलं की त्याच्या मागची हिरवी गाठ खुडा, नाहीतर बी धरतं आणि कंदातलं त्यात जातं. दांडा पिवळा पडल्यावरच कापा. पानं मात्र अजिबात कापू नका, कितीही वेडीवाकडी दिसली तरी, पुढच्या वर्षीची कळी याच पानांच्या जिवावर कंदाच्या आत तयार होते.

आणि आता खत. मी परत सांगते, खत. फुलं गेली की त्याच आठवड्यात सुरू, कुंडी सकाळच्या उन्हात, दर 15 दिवसांनी 19:19:19, लिटरभर पाण्याला 1 ग्रॅम. चहाचा सपाट चमचा साधारण 5 ग्रॅमचा, म्हणजे 5 लिटरच्या बादलीला एक. कोरड्या मातीत ओतू नका, आधी साधं पाणी, नाहीतर मुळं भाजतात. कॅलेंडरवर 1 आणि 15 तारखेला लाल गोल करून ठेवा, फूल गेलं की माणसाचं लक्षच उडतं. जुलैत आपल्याकडं पाऊस लागला की आठ-आठ दिवस थांबत नाही, खत सगळं खालच्या भोकातनं वाहून जातं, म्हणून कुंड्या पत्र्याच्या कडेला उजेडात घ्या आणि उघडीप बघून डोस द्या, चुकला तर पुढच्या उघडीपीत द्या पण द्याच. ऑगस्टपासनं 00:00:50, तेही लिटरला 1 ग्रॅम.

पावसाळ्यात काळ्या अळ्या येतात, अंगावर पिवळे-पांढरे ठिपके, एका रात्रीत पानाची शीर तेवढी ठेवतात. संध्याकाळी टॉर्च घेऊन बघा, हातानं वेचा, नीमतेल मारा. पान गेलं तर खत कोण खाणार?

ऑक्टोबरला खत बंद. दिवाळीनंतर पाणी कमी करत थांबवा, पानं पिवळी पडू देत, कंद आठ-दहा आठवडे कोरड्यात. परदेशी व्हिडिओत डिसेंबरात फुलं दाखवतात, ती घरात ऊब देऊन आणलेली, आपला बहर मार्च-एप्रिलचा, घाई करू नका. जानेवारी संपता संपता वरची माती बदला, थोडं पाणी. खताच्या पुड्या संपल्या असतील तर तेव्हाच आणा.