गुहागरच्या दमट हवेत चालणं कसं जमवलं

पुण्यात पर्वती चढणारा मी माणूस. निवृत्तीनंतर गुहागरला राहायला आलो आणि एप्रिलात सकाळी आठलाच दम लागायला लागला. पारा तिशीच्या आसपासच, पण हवेत इतकी ओल की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही.

आता उजाडता उजाडता निघतो आणि ऊन चढायच्या आत घरी. सुरुवातीचे एक-दोन आठवडे चाल मुद्दाम संथ ठेवली. उकाडा अंगवळणी पडायला तेवढे लागतातच.

किनाऱ्यावर चालायला खरा उपयोग झाला तो शेजारच्या खारवीकाकांच्या हिशेबाचा. तिथीला पाऊणाने गुणायचं की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे पहाटे चालायला उरते ती फक्त वरची भुसभुशीत वाळू. दहा मिनिटांत पोटऱ्या भरून येतात. अमावास्या-पौर्णिमेला भरती अकरा-बाराला, तेव्हा पहाटे ओहोटी असते: ओली, टणक पुळण, वर वारा. ते दिवस मी सोडत नाही. बाकी वेळी सुरूच्या झाडांच्या सावलीतून.

सैल, पातळ सदरा, खांद्यावर पंचा, जांघेत खोबरेल. घरी आल्यावर मीठ घातलेली पेज. (बीपीच्या गोळ्या चालू असतील तर मिठाचं डॉक्टरांना विचारा, माझ्या भरवशावर राहू नका.)

पावसाळ्यात पाखाडीवर, म्हणजे दगडी पायवाटेवर, शेवाळ धरतं, तेव्हा पडवीतच येरझाऱ्या. लाद्या झिजतील असं बायको म्हणते. झिजू देत.