७८ बरोबर, ५८ चूक: स्टॉक कूलरवर प्रोसेसरचं तापमान कसं बघायचं

एप्रिलात अथणीहून भाच्याचा फोन आला. "आत्या, ७८ दाखवालंय. मशीन जळंल काय?"

मी विचारलं, खोलीत किती आहे? आधी त्याला प्रश्नच कळेना. पत्र्याचं घर, दुपारचे तीन, भिंतीवरच्या थर्मामीटरवर ३९. लग्नाचा व्हिडिओ एक्स्पोर्ट होत होता. ७८ वजा ३९, उरले ३९. "घाबरालायस कशाला? चालू दे की," म्हटलं.

त्याच वर्षी ऑगस्टात वडगावातल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात उलटं झालं. बाहेर झड लागलेली, खोलीत २४ अंश, मशीन काही काम न करता बसलेलं, आणि आकडा ५८. हा मात्र बिघाड होता.

स्टॉक कूलर म्हणजे प्रोसेसरबरोबर बॉक्समधून येणारा पंखा. तो खोलीतलीच हवा खालच्या ॲल्युमिनियमवर मारतो. खोलीपेक्षा थंड तो करूच शकत नाही. म्हणून नुसता प्रोसेसरचा आकडा बघून काही ठरत नाही. त्यातून खोलीचं तापमान वजा करायचं आणि उरतं त्यावर बोलायचं. माझं मशीन डिसेंबरच्या सकाळी २० अंशांच्या खोलीत ३१ वर बसतं, एप्रिलच्या दुपारी ३५ च्या खोलीत ४७ वर. फरक ११ आणि १२. मशीनला काही झालेलं नाही, ऋतू बदललाय.

मोजायला एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर घ्या, घरगुती वापराला फुकट आहे. उघडताना फक्त सेन्सर्सवर टिक करा. इंटेल असेल तर 'सीपीयू पॅकेज' ही ओळ बघा, एएमडीचा रायझन असेल तर 'टीसीटीएल/टीडाय'. बाकीच्या ओळींकडे लक्ष देऊ नका. एका गिऱ्हाइकाने 'ऑक्सटिन' नावाच्या ओळीत ११५ बघून घाबरून मशीन बंद केलं होतं. बोर्डावरच्या त्या जागेला कुठलाच सेन्सर जोडलेला नसला की ती ओळ वाटेल तो आकडा दाखवते. बायोसमधला, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावरचा, आकडाही धरू नका, तिथे प्रोसेसर नीट विश्रांतीला जात नाही, त्यामुळे तो थोडा चढाच दिसतो.

मशीन सुरू करून अर्धा तास सगळं बंद ठेवा. खोलीपेक्षा १० ते १८ जास्त असेल तर ठीक. रायझन मधेच पाच-दहा अंशांची उडी मारून परत खाली येतो, तो त्याचा स्वभाव आहे. मग सिनेबेंच हा प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकणारा प्रोग्रॅम दहा मिनिटं चालवा. ६५ वॅटच्या साध्या प्रोसेसरला ४० ते ५० चा फरक मी चालवून घेते. हे माझ्या हाताखालून गेलेल्या मशीनांवरून बांधलेले ठोकताळे आहेत, कंपनीचे नियम नव्हेत. कंपनीचा नियम वेगळा: माझ्या आय-थ्री १०१०० ची मर्यादा १०० अंश, भाच्याच्या रायझन ५ ५६००जी ची ९५. तिथे पोचला की प्रोसेसर जळत नाही, स्वतःच वेग कमी करतो, आणि तरीही भागलं नाही तर मशीन बंद पडतं. एक्स्पोर्टला दुप्पट वेळ लागतो तेव्हा कळतं.

आकड्याइतकंच तो कसा चढतो हेही बघा. काम सुरू केल्यावर दहा मिनिटं हळूहळू वर सरकत राहिला, तर कॅबिनेटमधली हवा कोंडलीय किंवा धूळ साठलीय. काम सुरू होताच दोन सेकंदांत ९० च्या पुढे, आणि थांबवताच तितक्याच झटक्यात खाली, तर कूलर प्रोसेसरला नीट टेकलेलाच नाही.

ऑगस्टातल्या त्या ५८ च्या दिवशी मला दोन्ही बघायला मिळाले. माझ्या दुकानाला लागून यंत्रमाग आहेत. पंखा वर उचलला तर खाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर सुताचा करडा थर, घोंगडीच्या तुकड्यासारखा अख्खा सोलून निघाला. पंखा फिरत होता, आवाजही करत होता, पण वारा खाली जातच नव्हता. ब्लोअर मारताना पंख्यात पेन्सिल अडकवून ठेवा, वाऱ्याने तो भलत्या वेगाने फिरू देऊ नका.

प्रोसेसर आणि कूलरच्या मधे उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट असते; ती जुनी पुसून मटाराएवढी नवी लावली, कूलर बसवला, मशीन सुरू केलं. दोन सेकंदांत ९५! इंटेलच्या कूलरला चार कोपऱ्यांत चार काळ्या पिना असतात. डोक्यावरचा बाण ज्या दिशेला आहे तिकडे फिरवली की पिन सुटते, म्हणून बसवण्याआधी चारही उलट्या फिरवून घ्यायच्या आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांत दाबायच्या. चार वेळा 'खट्' ऐकू आलं पाहिजे. मला तीनदाच आलं होतं, आणि चौथं पावसाच्या आवाजात गेलं असेल अशी मी स्वतःची समजूत काढली. बोर्ड बाहेर काढून मागून बघितलं तर तीन ठिकाणी पांढरे पाय फाकून मधे काळी पिन आलेली, चौथ्या ठिकाणी पाय मिटलेलेच.

भाच्याच्या कूलरला पिना नाहीत, चार स्क्रू आहेत. तिथे वेगळी भीती: पेस्ट सुकलेली असली की कूलर ओढताना प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याचे पाय वाकतात. आधी मशीन दहा मिनिटं कामाला लावून गरम करा, मग बंद करून वायर काढा, स्क्रू सोडवा आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा. सरळ वर ओढू नका.

चौथी पिन बसवून परत सुरू केलं. खोलीत २४, मशीन ३६. आता दर दोन महिन्यांनी ब्रश मारते, आणि मागवाल्यांकडे सणाची घाई असली की त्याआधीच.