लाकडी पट्ट्यांचे कोरीव, रंगीत फलक करताना या चुका टाळा

घानात १९४४ साली जन्मलेले आणि १९७५ पासून अनेक वर्षे नायजेरियातील नसुक्का येथे शिकवलेले शिल्पकार एल अनात्सुई आज बाटल्यांच्या धातूच्या झाकणांपासून केलेल्या भव्य पडद्यांमुळे ओळखले जातात. परंतु त्याआधी अनेक वर्षे त्यांनी कापलेल्या, भाजलेल्या आणि रंगवलेल्या लाकडी पट्ट्यांचे फलक घडवले. त्या पद्धतीने काम करू पाहणारे नवशिके ज्या चुका पुन्हा पुन्हा करतात, त्यांतली सर्वांत महागडी म्हणजे पट्ट्या एकमेकींना चिकटवून टाकणे.

अनात्सुईंच्या फलकात पट्ट्या शेजारी शेजारी, पण सुट्या असतात, आणि त्यांचा क्रम बदलण्याची मोकळीकही ते देतात. त्यांचे वडील आणि भाऊ घानातील इवे समाजाचे केंटे कापड विणत, आणि केंटे अरुंद पट्ट्यांतच विणले जाते, हे ध्यानात घेतले की पट्ट्यांमधली रेघ लपवण्याचा मोह होऊ नये. एका कार्यशाळेत एका तरुणाने मी मनाई करूनही, फलक एकसंध दिसावा म्हणून, ऐन पावसाळ्यात सर्व पट्ट्या गोंदाने जोडून मागे जाड प्लायवूड ठोकले. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र हवेतील ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आटते; प्लायवूड तेवढे हलत नाही. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत पट्ट्या आटू लागल्या, आणि सांधे भक्कम असल्यामुळे भेगा सांध्यांत न पडता त्याने फार मेहनतीने कोरलेल्या आकृत्यांमधून आरपार गेल्या. असा फलक दुरुस्त होत नाही. मी वाळलेलेच लाकूड घेते, पट्ट्यांमध्ये बारीक फट ठेवते, प्रत्येक पट्टीला मागे स्वतंत्र टांगणी लावते आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने क्रमांक घालते.

दुसरी चूक उतावळेपणाची आहे. ब्लोटॉर्चने, म्हणजे ज्योत फेकणाऱ्या उपकरणाने, भाजलेल्या पृष्ठभागावरची सुटी काजळी न झाडता रंग लावला, तर रंग लाकडाला न धरता काजळीला धरतो आणि पापुद्र्यासारखा सुटतो. लाकूड पूर्ण गार झाल्यावर मी तारेच्या ब्रशाने रेषेच्या दिशेने काजळी झाडते, मगच राऊटर या कोरणाऱ्या विजेच्या यंत्राने खाचा पाडते आणि त्या उघड्या, फिकट खाचांत टेम्पेरा हा रंग भरते. वेळ वाचवण्यासाठी भाजण्याऐवजी काळा रंग फासण्याची सोय मला मुळीच मान्य नाही, कारण विस्तवाने मऊ भाग आधी जळून लाकडाच्या रेषा वर येतात, आणि तो उठाव कोणताही रंग देत नाही.

एमडीएफ (लाकडाचा भुसा गोंदाने दाबून केलेला पत्रा) किंवा प्लायवूड कधीही भाजू नये. त्यांतील गोंदाचा धूर विषारी असतो.

चेनसॉचे, म्हणजे साखळीच्या यांत्रिक करवतीचे, टोक लाकडात खुपसू नये, यंत्र उसळून अंगावर येते. अनात्सुईंनी १९८० मध्ये अमेरिकेतील कमिंग्टन येथे हे यंत्र हाती घेतले आणि त्याच्या ओरबाडण्यात त्यांना आफ्रिकेची वसाहतवाद्यांनी केलेली चिरफाड दिसली. म्हणून त्या खडबडीत कापांवर सॅंडपेपर फिरवून ते गुळगुळीत करणे ही चूक मी सुताराला माफ करीन, चित्रकाराला नाही.

चकाकणारे वार्निशही नको. भाजलेला काळा रंग त्याखाली डांबरासारखा दिसतो.