निजामुद्दीनला उतरून मेट्रोने एम्सला कसं जावं

ग्वाल्हेरहून दिल्लीच्या एम्स हॉस्पिटलला निघालेल्या माणसाला इथल्या लष्कर भागातलं कुणीतरी हमखास सांगतं, "निजामुद्दीनला उतरलात की सरळ ऑटो करा, म्हाताऱ्या माणसाला मेट्रोत कशाला फिरवता?" दुसरा सांगतो, "राजीव चौकाला जाऊन गाडी बदला." दोन्ही सल्ले जुने झाले. डिसेंबर २०१८ मध्ये मेट्रोची गुलाबी लाइन निजामुद्दीनपर्यंत आली, तेव्हापासून सरळ रस्ता आहे आणि राजीव चौकाच्या गर्दीत शिरायचं काही कारण उरलेलं नाही. सासूबाईंच्या डोळ्यांसाठी मी दर तीन-चार महिन्यांनी या वाटेने जाते.

तुमची गाडी नवी दिल्लीला जाणारी असेल तर काम आणखी सोपं. पहाडगंजकडे न जाता अजमेरी गेटच्या बाजूला बाहेर पडा आणि पिवळी लाइन धरा. एम्स आठवं स्टेशन, मध्ये कुठेही बदलायचं नाही.

निजामुद्दीनला मात्र सराय काले खानच्या बाजूने बाहेर पडा. मेट्रोचं स्टेशन तिकडे आहे. बॅगा मशीनमध्ये टाका. तिकीट किंवा कार्ड प्रत्येकाचं वेगळं हवं, एका कार्डावर दोघं आत जाऊ शकत नाहीत. आश्रम, लाजपत नगरकडे जाणारी गाडी घ्या. पहिला डबा फक्त बायकांचा असतो, सोबत सासरे असतील तर मागच्या डब्यात चढा. ज्येष्ठांच्या जागा सगळ्याच डब्यांत असतात, बसलेल्याला उठायला सांगायला लाजू नका. लाजपत नगरला अर्धा डबा रिकामा होतो. ती माणसं जांभळ्या लाइनसाठी उतरतात, त्यांच्यामागे जाऊ नका. तुमचं स्टेशन पाचवं, दिल्ली हाट–आयएनए. तिथे उतरून पिवळी लाइन धरायची.

आता इथे नीट लक्ष द्या, सगळी फजिती होते ती इथेच. पिवळ्या लाइनचं स्टेशन २०१०चं, गुलाबीचं २०१८चं. दोन वेगवेगळ्या काळातली स्टेशनं जोडमार्गाने जोडली आहेत, त्यामुळे फलाटावरून वर आल्याबरोबर पिवळी गाडी समोर उभी दिसत नाही. आधी बाहेर पडायची गेटं दिसतात आणि सगळा लोंढा तिकडेच वळतो. पहिल्या खेपेला मीही त्या लोंढ्याबरोबर वळले, कार्ड लावलं आणि बाहेर आले. मग पुन्हा रांग, पुन्हा बॅगा, पुन्हा भाडं, आणि सासूबाईंचे गुडघे आधीच बोलायला लागलेले. म्हणून हे पक्कं ध्यानात ठेवा: लाइन बदलताना कार्ड गेटला लावायचंच नाही. गेट समोर आलं म्हणजे आपण चुकलो. तिथेच थांबा, मागे फिरा.

मग बघायचं काय? जमिनीकडे बघा. लाइन बदलायच्या स्टेशनांवर फरशीवर पावलांचे ठसे उमटवलेले आहेत, ज्या लाइनकडे जायचं तिच्या रंगाचे. सासूबाईंना मोतीबिंदूमुळे वरच्या पाट्या दिसत नव्हत्या, पण करड्या फरशीवरचं पिवळं पाऊल बरोबर दिसायचं. माझा हात धरून त्या एकेका ठशावर पाय ठेवत चालायच्या आणि "हे बघ पुढचं" म्हणत मलाच रस्ता दाखवायच्या. गुडघे दुखत असतील तर लिफ्ट घ्या, पण लिफ्टमधून बाहेर आल्यावर आधी पिवळी पावलं शोधा आणि ती सापडेपर्यंत पुढे पाऊल टाकू नका.

दुसरी चूक पिवळ्या फलाटावर होते. रंग बरोबर, दिशा उलटी. तुम्हाला गुरुग्रामकडे जाणारी गाडी हवी. पाटीवर मिलेनियम सिटी सेंटर गुरुग्राम असं लिहिलेलं असतं. जुनी माणसं अजून हुडा सिटी सेंटर म्हणतात, तेच हे. कुतुबमिनारपर्यंतच जाणारी गाडी आली तरी बिनधास्त चढा, एम्स त्याच्या आधी येतं. समयपूर बादलीची गाडी मात्र सोडून द्या. चढल्यावर पुढचं स्टेशन जोरबाग आलं तर घाबरू नका. तिथे उतरा, गेटबाहेर न जाता उलट दिशेची गाडी पकडा. वेगळं भाडं लागत नाही.

आयएनएनंतर लगेच एम्स, म्हणजे बसायची जागा शोधण्यात वेळ घालवू नका, दाराजवळच उभे राहा.

एम्सला वर चढण्याआधी गेटांची पाटी वाचा. अरविंदो मार्गाच्या एका बाजूला एम्स आणि दुसऱ्या बाजूला सफदरजंग हॉस्पिटल. सकाळी लोंढा दोन्हीकडे सारखाच असतो, तेव्हा त्याच्यामागे जाण्यात अर्थ नाही. चुकीच्या बाजूला वर आलात तर रस्ता भरधाव गाड्यांमधून ओलांडू नका, खालच्या भुयारी मार्गाने पलीकडे जा. परतताना हेच उलट: समयपूर बादलीची गाडी, एक स्टेशन, मग गुलाबी पावलं.