पिकअपला सुपरचार्जर? आधी इंटरकूलर बघा

हायलक्स, व्ही-क्रॉससारख्या डिझेल पिकअपना कारखान्यातूनच टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात हवा कोंबणारा पंखा) असतो. त्यांच्यासाठी सुपरचार्जरचा, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरून हवा कोंबणाऱ्या यंत्राचा, खटाटोप नकोच. बाहेरून आणलेली पेट्रोल व्ही-८ (आठ सिलिंडरची) गाडी असेल, तर मात्र नीट निवडा.

मुंबईत गाडी धावते कमी, रांगते जास्त. म्हणून किती हॉर्सपॉवर वाढेल यापेक्षा इंटरकूलर, म्हणजे कोंबलेली गरम हवा थंड करणारा भाग, कसा आहे, ते आधी विचारा. रूट्स आणि ट्विन-स्क्रू या प्रकारचे सुपरचार्जर कमी आरपीएमलाच (इंजिनाच्या कमी फेऱ्यांनाच) जोर देतात, ओझं ओढायला तेच बरे. पण ते इंजिनाच्या माथ्यावर बसतात आणि ट्रॅफिकमध्ये भयंकर तापतात. त्यांना पाण्याचा इंटरकूलर, वेगळा रेडिएटर आणि इलेक्ट्रिक पंप हवाच. बसवून झालं की थंड गाडी चालू करून इंटरकूलरच्या टाकीत डोकावा. पाणी फिरताना दिसलं नाही, तर पंप बंद आहे किंवा पाइपात हवा अडकलीय. तिसरा प्रकार सेंट्रिफ्यूगल; त्याचा दाब आरपीएमबरोबर वाढतो, अंधेरीच्या सिग्नलवर तो काय कामाचा!

ट्यूनिंग इथल्याच पेट्रोलवर करून घ्या. अमेरिकेत ऑक्टेन (पेट्रोल अवेळी पेटू न देण्याची क्षमता) वेगळ्या पद्धतीने मोजतात. तिथल्या ९१ साठी आपल्याकडे साधारण ९५ लागतं. त्यापेक्षा कमी ऑक्टेनचं भरलंत, तर इंजिन नॉक करू शकतं (पेट्रोल अवेळी पेटून ठोके पडतात), पिस्टनही जाऊ शकतो.

आणि पैसे मोजण्याआधी आरटीओत व विमा कंपनीत विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलांबाबत कडक आहे.