अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जाण्याची वेळ तिथीवरून काढा

अलिबागच्या किनाऱ्यासमोरील कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी पायी जाता येते, परंतु अनेक पर्यटक भरतीच्या ऐन वेळी पोहोचतात आणि किनाऱ्यावरूनच तटबंदी पाहून परततात. घरातील दिनदर्शिका पाहून ही वेळ आधीच काढता येते.

१. शुक्ल वा कृष्ण, कोणत्याही पक्षातील तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. येणारे उत्तर म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ.

२. त्याच्या सुमारे सहा तास आधी व नंतर पूर्ण ओहोटी असते. उदाहरणार्थ, चतुर्थीला भरती दुपारी तीनच्या सुमारास, म्हणून ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास.

३. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघावे.

तृतीया ते पंचमी हे दिवस सर्वांत सोयीचे, कारण ओहोटी सकाळीच येते आणि शिवकाळात बांधायला घेतलेल्या, पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे ठरलेल्या या किल्ल्याची तटबंदी, सिद्धिविनायकाचे मंदिर आणि चहूबाजूंनी खारे पाणी असूनही गोड्या पाण्याची असलेली विहीर उन्हाआधी निवांत पाहता येते. वाटेतील खडकांवरचे कालवांचे थर धारदार असल्याने अनवाणी जाऊ नये. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे पाण्याच्या चढ-उतारात कमी फरक असलेली भरती-ओहोटी असल्यामुळे वाटेत पाणी राहते. ते दिवस टाळलेलेच बरे.

हा हिशेब केवळ अंदाजाचा आहे. निघण्यापूर्वी स्थानिक कोळी बांधवांना विचारावे, पाणी चढू लागण्यापूर्वी परतावे आणि पावसाळ्यात हा बेत करूच नये.